म्हणे, गाडी बँकेचीच!

हप्ते थकले म्हणून कुणाची गाडी ओढून नेल्याची बातमी आली, की आपल्याकडे हळहळ फार वेळ टिकत नाही. पाचव्या मिनिटाला कुणीतरी म्हणतंच, "झेपत नव्हती तर घेतली कशाला?" दुसरा जरा कायद्याच्या सुरात पुस्ती जोडतो, "हप्ते फिटेपर्यंत गाडी बँकेचीच असते. बँकेनं आपली वस्तू परत नेली, त्यात अन्याय कसला?" आणि तिसरा, जो स्वतःचा हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला न चुकता भरतो, तो मनापासून सांगतो की अशा बुडव्यांना मोकळं सोडलं तर त्यांच्या वाटचं व्याज आपल्याच बोकांडी बसणार. बँकेत उभी हयात काढलेल्या माझ्या एका स्नेह्यांनी परवा ही तिन्ही वाक्यं एका दमात ऐकवली. गृहस्थ सज्जन आहेत, कुणाचं वाईट चिंतणारे नाहीत. म्हणूनच त्यांना उत्तर द्यावंसं वाटतं. दुष्ट माणसाच्या तोंडी हे मत असतं तर त्यानं एवढं नुकसान केलं नसतं.

आधी जे मान्य आहे ते मान्य करून टाकतो. घेतलेलं कर्ज फेडायला हवं. गाडी तारण ठेवून कर्ज काढलं, तर पैसे थकल्यावर त्या गाडीतून ते वसूल करायचा हक्क सावकाराला असणारच, नाहीतर तारणाला अर्थ काय? मुद्दाम कर्ज बुडवणारे असतात आणि त्यांच्याबद्दल मला कळवळा नाही. माझा वाद पुढच्या उडीशी आहे. 'पैशावर हक्क आहे' इथून 'गाडी आमचीच आहे, वाटेल तिथे अडवू, वाटेल तेव्हा नेऊ, वाटेल त्या भावाला विकू' इथवर जी उडी मारली जाते, तिला ना कायद्याचा आधार आहे ना हिशेबाचा.

'गाडी बँकेचीच' या वाक्यापासून सुरुवात करू. आज बँकेतून किंवा फायनान्स कंपनीकडून मिळणारं वाहनकर्ज बहुतेक वेळा नजरगहाण पद्धतीचं असतं. गाडी तुमच्या नावावर नोंदली जाते, कर, टोल, विमा तुम्ही भरता, आणि आर.सी.वर सावकाराचा बोजा चढतो. मालकी तुमची, बोजा त्यांचा. मोटार वाहन कायदा, १९८८ यात 'मालक' कोण याची व्याख्या आहे आणि तिथे स्वच्छ लिहिलंय की गाडी नजरगहाण असेल, तर त्या कराराखाली जिच्या ताब्यात गाडी आहे ती व्यक्ती मालक. म्हणजे कर्जदारच.

ही व्याख्या फायनान्सवाल्यांना चांगली पाठ आहे, कारण गरज पडली तेव्हा तिच्याच आडोशाला ते उभे राहिलेत. कर्जावरच्या गाडीनं कुणाला उडवलं आणि भरपाईचा दावा झाला, की दावेदार कधीकधी सावकारालाही प्रतिवादी करतो. गोदावरी फायनान्स कंपनीचं असंच एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २००८ मध्ये न्यायालयानं सांगितलं की गाडी कर्जदाराच्या ताब्यात असताना मालक तोच, सावकारावर भरपाईची जबाबदारी टाकता येणार नाही. डिसेंबर २०१४ मध्ये एच.डी.एफ.सी. बँकेच्या प्रकरणात पुन्हा तेच झालं. निकाल योग्यच आहेत. कर्ज दिलं म्हणून अपघाताचं पाप सावकाराच्या माथी का मारावं? पण मग आमच्या स्नेह्यांनी हेही सांगावं, की अपघाताच्या दिवशी जी गाडी बँकेची नव्हती ती हप्ता चुकल्याच्या दिवशी बँकेची कशी होते.

इथे एक अपवाद प्रामाणिकपणे सांगायला हवा. भाडेखरेदी नावाचा वेगळा करार असतो. त्यात शेवटचा हप्ता फिटेपर्यंत मालकी खरोखरच कंपनीकडे राहते आणि ग्राहक तोवर भाडेकरू असतो. ऑक्टोबर २०२० मध्ये मॅग्मा फिनकॉर्पच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं हे पुन्हा मांडलं. हप्ते थकले तर अशा करारात कंपनीनं गाडी ताब्यात घेणं मुळात गैर नाही, नोटीस द्यायची की नाही हे करारातल्या शर्तींवर ठरेल, असा त्या निकालाचा आशय. वसुलीवाल्यांचे वकील हा निकाल झेंड्यासारखा मिरवतात. त्याच निकालात पुढे काय झालं ते मात्र सांगत नाहीत. त्या प्रकरणातल्या गाडीच्या करारात नोटिशीची शर्त होती आणि कंपनीला नोटीस दिल्याचं दाखवता आलं नाही, म्हणून सेवेत त्रुटी ठरली आणि भरपाई द्यावी लागली. रक्कम नाममात्र होती, पण भाडेखरेदीतही करारातली नोटीस गिळून टाकता येत नाही एवढं त्यातून ठरलं. आपला करार दोहोंपैकी कुठला, हे तरी किती कर्जदारांना ठाऊक असतं? शोरूमच्या काचेच्या खोलीत, गाडीला हार घालायची घाई असताना, बारीक इंग्रजीतल्या पंचवीस-तीस पानांवर फुल्या मारलेल्या जागी सह्या होतात. बँकेतर वित्त कंपन्यांना रिझर्व्ह बँकेची उचित व्यवहार संहिता लागू आहे. कर्जाची कागदपत्रं स्थानिक भाषेत किंवा कर्जदाराला कळेल अशा भाषेत असावीत, आणि कराराची प्रत त्याला द्यावी, असं ती संहिता सांगते. आपल्या ओळखीतल्या चार गाडीवाल्यांना विचारून पाहा, मराठीतला करार पाहिलाय का.

मग सावकाराला गाडी नेताच येत नाही का? येते. करारात तसं कलम असेल तर ताबा घ्यायचा हक्क न्यायालयांनी मानला आहे. २००६ मधल्या ओरिक्स ऑटो फायनान्सच्या निकालापासून ही रेषा सरळ आहे. पण फेब्रुवारी २००७ मध्ये, आय.सी.आय.सी.आय. बँकेच्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयानंच बजावलं की हे कायद्याचं राज्य आहे, कर्जवसुली आणि गाडीजप्ती कायद्याच्या मार्गानंच व्हायला हवी, त्यासाठी गुंड लावता येणार नाहीत. २०११ मध्ये सिटीकॉर्प मारुती फायनान्सच्या निकालात तर भाडेखरेदीलाही हीच मर्यादा घातली गेली. मालकी कंपनीची असली तरी बळजबरी चालणार नाही, असं त्याचं सार. या रेषेच्या दोन्ही बाजू एकत्र वाचल्या पाहिजेत. आमच्या स्नेह्यांची बाजू पहिल्या अर्ध्यावर थांबते.

आणि रस्त्यावर काय चालतं ते दुसऱ्या अर्ध्याच्या नेमकं उलटं आहे. टोलनाक्याच्या अलीकडे, पेट्रोलपंपावर किंवा एस.टी. स्टँडच्या तोंडाशी दोन मोटारसायकली आडव्या येतात. मोबाइलवर गाड्यांच्या नंबरांची यादी असते. चावी काढून घेतली जाते. "साहेबांशी बोल", म्हणून फोन कानाला लावला जातो. बायकामुलं गाडीत असली तर उतरवली जातात, आणि निघताना एका कागदावर सही घेतली जाते. त्या कागदावर लिहिलेलं असतं की कर्जदारानं गाडीचा ताबा स्वखुशीनं दिला. या व्यवहारातल्या सगळ्या कागदांत मला सर्वांत संतापजनक वाटतो तो हाच. पुढे ग्राहक आयोगात किंवा पोलिसांसमोर गोष्ट गेली, की कंपनीची फाइल त्याच एका सहीवर उभी असते. माणसाला भर रस्त्यात चौघांनी घेरलेलं असताना घेतलेल्या सहीला 'स्वखुशी' म्हणायचं असेल, तर बळजबरी कशाला म्हणायचं ते तरी ठरवून घेऊ. यातून कर्जदाराला एकच पक्का सल्ला देता येतो. गाडी नेली तर नेली, त्या कागदावर सही करायची नाही. करावीच लागली, तर 'विरोध नोंदवून' असं स्वतःच्या हातानं लिहून, तारीख, वेळ, किलोमीटरचा आकडा आणि गाडीत काय काय होतं ते नोंदवूनच करायची. वसुलीवाल्याकडे त्या विशिष्ट कर्जाचं अधिकारपत्र आणि ओळखपत्र मागायचं, दमदाटी झाली तर तिथूनच ११२ ला फोन लावायचा.

"थोडे आगाऊ लोक सगळीकडेच असतात", असं यावर उत्तर मिळतं. हा आगाऊपणाचा प्रश्न नाही, रचनेचा आहे, आणि हे मी म्हणत नाही, रिझर्व्ह बँकेनंच म्हटलंय. एप्रिल २००८ मध्ये वसुली एजंटांबद्दल काढलेल्या परिपत्रकात तिनं नोंदवलं, की एजंटांना वसुलीची कडक उद्दिष्टं आणि मोठी प्रलोभनं दिल्यामुळे ते दांडगाईकडे वळू शकतात. म्हणून बँकांनी असे करारच करू नयेत, असं तिनं बजावलं. एजंटांना प्रशिक्षण सक्तीचं झालं, पदवीधरांना ५० तास, इतरांना १०० तास. ऑगस्ट २०२२ मध्ये पुन्हा परिपत्रक निघालं. सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही, शिवीगाळ नाही, चारचौघांत अपमान नाही, नातेवाइकांना आणि मित्रांना गाठायचं नाही. त्यानंतर महिना-सव्वा महिन्यातच, सप्टेंबरच्या मध्यावर, झारखंडमधल्या हजारीबाग जिल्ह्यात थकबाकीतला ट्रॅक्टर वसुलीवाले घेऊन जात असताना एका शेतकऱ्याची गर्भवती मुलगी त्या ट्रॅक्टरखाली सापडून मेली. २२ सप्टेंबर २०२२ रोजी रिझर्व्ह बँकेनं त्या ट्रॅक्टरचं कर्ज देणाऱ्या महिंद्रा फायनान्सला बाहेरच्या एजंटांमार्फत वसुली आणि जप्ती ताबडतोब थांबवायला सांगितलं. स्वतःच्या कर्मचाऱ्यांकडून वसुली करायची मुभा होती. जानेवारी २०२३ मध्ये बंदी उठली. म्हणजे तीन महिने कंपनीला बाहेरच्या एजंटांवाचून काम चालवावं लागलं आणि तिनं ते चालवलं. दारात पाठवायचा माणूस आपल्या पगारावरचा असावा, एवढं साधं बंधन कायमचं का नसावं, याचं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही.

पाटणा उच्च न्यायालयाच्या एकल पीठानं मे २०२३ मध्ये याहून पुढे पाऊल टाकलं. एजंट लावून जबरीनं गाड्या उचलणं हा जगण्याच्या आणि उपजीविकेच्या मूलभूत हक्काचा भंग आहे, असं म्हणून न्यायालयानं दोषी बँकांना आणि कंपन्यांना प्रत्येकी ५० हजारांचा दंड केला. बिहारमधल्या सगळ्या पोलीस अधीक्षकांना अशा जप्त्या होऊ देऊ नका असं सांगितलं. आपल्याकडे पोलीस ठाण्यातला अनुभव उलटा असतो. वसुलीवाले गाडी उचलण्याआधी आणि उचलल्यावर ठाण्यात एक पत्र टाकतात, त्यावर पोच घेतात, आणि कर्जदार धावत आला की ठाणे अंमलदार ती पोच दाखवून सांगतो, "हा तुमचा दिवाणी मामला आहे." त्या पत्रानं पोलिसांची परवानगी मिळत नसते, फक्त गाडी चोरीला गेल्याची तक्रार आली तर गोंधळ होऊ नये एवढाच त्याचा उपयोग. पण पोचेवरचा शिक्का पाहून माणूस खचतो आणि घरी जातो.

आता 'झेपत नव्हती तर घेतली कशाला' याकडे वळतो. हा प्रश्न विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बहुधा शेजारच्या सोसायटीतला हौशी माणूस असतो, ज्यानं दाखवायला म्हणून मोठी एस.यू.व्ही. घेतली. असे असतील. पण ओढून नेलेल्या गाड्यांच्या यार्डात एकदा चक्कर मारली तर तिथे पिवळ्या पाटीच्या टॅक्सी दिसतील, छोटा हत्ती दिसतील, भाजीचे पिकअप दिसतील, ट्रॅक्टर दिसतील. या गाड्या हौसेच्या नाहीत, पोटाच्या आहेत. मुंबईत ॲपवरच्या टॅक्सी आल्या तेव्हा महिन्याला इतके सुटतील असं सांगत हजारो तरुणांना गाड्या घ्यायला लावलं गेलं. पुढे प्रोत्साहन रक्कम घटली, डिझेल चढलं, हप्ता मात्र जागचा हलला नाही. ऑक्टोबर २०१८ मधला मुंबईतला ॲप-टॅक्सी चालकांचा लांबलेला संप त्याच कोंडीतून झाला होता. त्यानंतर २०२० चा मार्च आला आणि सोबत करोनाची टाळेबंदी. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्टअखेरपर्यंत हप्त्यांना स्थगिती दिली, पण व्याज चालूच राहिलं, आणि सप्टेंबरमध्ये हप्ते सुरू झाले तेव्हा शाळा, कार्यालयं, लग्नं, पर्यटन काहीच धड सुरू नव्हतं. त्या माणसानं गाडी घेताना काय झेपत नव्हतं ते सांगा.

आणि झेपेल की नाही हे पाहायचं काम एकट्या घेणाऱ्याचं होतं का? कर्ज देणाराही व्यावसायिक आहे. उत्पन्न तपासणं हा त्याचा रोजचा धंदा. शोरूममध्ये अर्ध्या तासात मंजुरी, गाडीच्या किमतीच्या शंभर टक्के कर्ज, उत्पन्नाचा पुरावा म्हणून शेजारच्या दुकानदाराचा शब्द, हे सगळं करणाऱ्याला धोका ठाऊक असतो. म्हणून तर अशा कर्जाचा व्याजदर पगारदाराच्या कर्जापेक्षा चढा असतो. धोक्याचे पैसे आधी घ्यायचे, आणि धोका प्रत्यक्ष उभा राहिला की नीतीचे धडे द्यायचे, हे दोन्ही एकाच तोंडानं शोभत नाही.

महाराष्ट्राला हा वाद नवा नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांची घरं-दुकानं गाठली. त्यांच्या रोषाचा मुख्य रोख कर्जरोख्यांवर होता. रोखे हिसकावून जाळले गेले. त्या दख्खनच्या दंग्यानंतर चौकशी आयोग बसला आणि १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला. सावकाराच्या हक्काला पवित्र मानणाऱ्या ब्रिटिश राजवटीनंही त्यात दोन गोष्टी मान्य केल्या. एक, न्यायालयानं नुसता रोखा पाहून निकाल द्यायचा नाही, व्यवहाराचा इतिहास उकलून मूळ मुद्दल किती आणि व्याज किती ते शोधायचं. दुसरी, शेतकऱ्यावरचा दावा तो जिथे राहतो तिथल्याच न्यायालयात चालवायचा. पुढे १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत कलम ६० खाली कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याची अवजारं आणि पोटापुरती गुरं हुकूमनाम्याच्या जप्तीतून वगळली गेली. हे संरक्षण तारण ठेवलेल्या वस्तूला लागू नाही, हे मला ठाऊक आहे. टॅक्सीवाल्याला ते मिळणार नाही. पण माणसाचं कमाईचं साधन काढून घेतलं तर कर्ज फिटायचा एकुलता मार्गही बंद होतो, एवढी समज त्या कायद्यात होती. १९०८ मध्ये जे कळलं होतं ते आज यार्डाच्या फाटकावर विसरलं जातं.

आता हिशेबाकडे येऊ, कारण खरी लूट, तो शब्द मी विचार करून वापरतो, रस्त्यावर होत नाही. ती नंतर, शांतपणे, कागदावर होते. आमच्या स्नेह्यांना समजेल असं एक उदाहरण मांडतो. समजा १० लाखांची गाडी, तिच्यावर ८ लाखांचं कर्ज, १० टक्के व्याज, सात वर्षांची मुदत. हप्ता साधारण १३,२८० रुपये. दोन वर्षं माणसानं एकही हप्ता न चुकवता भरला. २४ हप्त्यांचे झाले ३ लाख १८ हजारांवर. मुद्दल उतरलं किती? पावणेदोन लाखांच्या आतबाहेर. उरलं सव्वासहा लाख. सुरुवातीचे हप्ते व्याजातच जास्त जातात, ते गणितच तसं आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण दोन वर्षं प्रामाणिकपणे भरणाऱ्या या माणसाला तीन महिन्यांच्या थकबाकीनंतर 'बुडव्या' म्हणताना, त्यानं तीन लाखांहून अधिक दिलेत हे कुणाच्या तोंडी येत नाही.

पुढे पाहा. विम्याच्या घसाऱ्याच्या रूढ तक्त्यानं दोन ते तीन वर्षांच्या गाडीची किंमत ३० टक्क्यांनी घटते, म्हणजे या गाडीचे ७ लाख धरू. गाडी ७ लाखांना विकली गेली तर कर्ज फिटून, थकलेलं व्याज आणि खर्च वजा जाऊन, चार पैसे कर्जदाराच्या हाती परत यायला हवेत. यार्डातल्या लिलावात तीच गाडी साडेचार लाखांना गेली, तर सव्वासहातून पावणेदोन लाखांची बाकी उरते. तिच्यावर गाडी ओढायचा खर्च, यार्डाचं भाडं, धनादेश न वटल्याचे आकार, वकिलाची फी. वर्षभरानं त्या माणसाला नोटीस येते की अजून दोन लाख द्या, आणि जामीन राहिलात म्हणून मेव्हण्यालाही येते. गाडी गेली म्हणजे कर्ज फिटलं, असं समजून बसलेला माणूस ती नोटीस हातात घेऊन वकील शोधत फिरतो. गाडी तीच, कर्ज तेच. अडीच लाखांचा फरक फक्त विक्रीच्या भावानं पाडला.

आणि हा भाव ठरवतं कोण? विकणारी कंपनी, जिला बाकीची रक्कम कर्जदाराकडून मागता येतेच, म्हणून चढा भाव काढायची तिला घाई नसते. आणि बोली लावणारे बहुधा जुन्या गाड्यांचे व्यापारी, ज्यांना पडता भावच हवा असतो. ज्याचं नुकसान होणार तो कर्जदार त्या खोलीत नसतोच. १८७२ चा करार कायदा यावर गप्प नाही. गहाण वस्तू विकण्याआधी वाजवी नोटीस द्यायची, विक्रीतून येणं फिटून काही उरलं तर ते गहाण टाकणाऱ्याला परत करायचं, आणि प्रत्यक्ष विक्री होईपर्यंत पैसे भरून वस्तू सोडवायचा त्याचा हक्क कायम, हे कलम १७६ आणि १७७ मध्ये आहे. रिझर्व्ह बँकेची संहिताही ताब्याच्या कलमात नोटिशीची मुदत, ताबा घ्यायची पद्धत, विक्रीपूर्वी शेवटची संधी, गाडी परत द्यायची रीत आणि लिलावाची रीत लिहून ठेवायला सांगते. दंडाच्या रकमेवर पुन्हा व्याज चढवायचं नाही, असंही ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकानं ठरलंय. तेव्हा गाडी गेली की हातपाय गाळून बसण्यापेक्षा त्याच आठवड्यात लेखी मागणी करावी. खात्याचा पूर्ण उतारा, सोडवायची नेमकी रक्कम, मूल्यांकनाचा अहवाल, लिलावाची तारीख. स्वतःजवळ जास्त भाव देणारं गिऱ्हाईक असेल तर त्याचं नाव पत्रात लिहून कळवावं. कंपनीनं ते डावललं तर पुढे तो कागद तिच्याविरुद्ध बोलतो.

लवादाचं प्रकरण थोडक्यात सांगतो. करारात कलम असतं की वाद लवादाकडे जाईल, लवाद कंपनी नेमेल, आणि बसेल चेन्नईत किंवा कोलकात्यात. बीडच्या पिकअपवाल्यानं चेन्नईला तारखा करायच्या. १८७९ च्या कायद्यानं जी युक्ती बंद केली होती तीच नव्या वेशात आली. २०१९ मध्ये पर्किन्स ईस्टमन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं वादात स्वतःचं हित असलेल्या पक्षाला एकट्यानं लवाद नेमता येणार नाही असं ठरवलं, पण ही हरकत घ्यायला कर्जदाराला आधी ती ठाऊक हवी. लवादाचं कलम असलं तरी ग्राहक आयोगाचं दार बंद होत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तक्रारदार राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, आणि स्वतः गाडी चालवून पोट भरणारा टॅक्सीवाला धंदेवाईक ठरत नाही, ग्राहकच राहतो.

दुसऱ्या बाजूलाही चार शब्द सुनवायला हवेत. मोबाइलवर हल्ली 'कर्जमुक्तीचे' स्वयंघोषित सल्लागार उगवलेत. हप्ते बंद करा, गाडी गावाकडे नेऊन लपवा, कुणी काही करू शकत नाही, आमची फी द्या. असल्या सल्ल्यानं माणूस खड्ड्यात जातो. लपवलेल्या गाडीवर व्याज चढतच राहतं, सिबिल खराब होतं, आणि मुद्दाम बुडवतोय असा पुरावा आपणच तयार करून देतो. सलग ९० दिवस थकलं की खातं अनुत्पादक ठरतं. त्याच्या आतले दोन-अडीच महिने सोन्याचे असतात. त्या काळात शाखेत जाऊन, अर्ज देऊन, पोच घेऊन मुदत वाढवून हप्ता कमी करून मागता येतो. ते जमलं नाही आणि गाडी झेपणारच नसेल, तर बँकेची परवानगी घेऊन स्वतः बाजारभावानं विकणं हा तोट्यातला सर्वांत कमी तोट्याचा मार्ग. स्वतः विकलेली गाडी आणि यार्डातून विकलेली गाडी यांच्या भावातला फरक वर मांडलाच आहे.

राहिला तो प्रामाणिक हप्तेवाल्यांचा मुद्दा, की वसुली अवघड झाली तर सगळ्यांचं व्याज वाढेल. ऐकायला बिनतोड वाटतो. पण नोटीस पाठवायला, अधिकारपत्र दाखवायला, पगारी माणूस पाठवायला किती खर्च येतो? आणि आज गाडी ओढायचा, यार्डाचा, वकिलाचा जो खर्च होतो तो भरतो कोण? थकबाकीदाराच्याच खात्यावर तो पडतो. उलट गाडी पडत्या भावाला गेली की कर्ज बुडीत खात्यात जायची शक्यता वाढते, आणि तो बोजा मात्र खरोखरच सगळ्यांवर येतो. पाच तारखेला हप्ता भरणाऱ्यानं रागवायचंच असेल, तर सात लाखांची गाडी साडेचारला काढणाऱ्यावर रागवावं.

स्नेह्यांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग बँकेनं नेमकं काय करायचं?" मी म्हटलं, एक कागद द्यावा. ताब्यात घेऊन विकलेल्या प्रत्येक गाडीमागे, विक्री झाल्यापासून पंधरा दिवसांत, कर्जदाराला आणि जामीनदाराला. मूल्यांकन किती झालं, बोली किती आल्या, सर्वांत वरची कितीची, विकली कितीला, खर्च कशाकशाचा लावला, उरलं किती किंवा परत देणं किती. हे सगळे आकडे बँकेच्या संगणकात असतातच; छापायला एक पान लागेल. तोवर कर्जदारानं हेच पान आपण होऊन लेखी मागावं, पोच ठेवावी, आणि ३० दिवसांत धड उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावं. तिथे फी लागत नाही, वकीलही लागत नाही.